‘मागे चार टायर आहेत, काळजी कसली?’

अमेरिका-कॅनडात कॅम्पर, म्हणजे पिकअपच्या हौद्यावर बसवायचं फिरतं घर, घेऊन भटकणाऱ्या मराठी मंडळींत एक संदेश पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होतो. म्हणे ड्युअली, म्हणजे मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं असलेला पिकअप, घ्या आणि टायरची चिंता सोडा. चारातला एक गेला तरी बाकीचे घरी पोचवतात. आतल्या टायरची हवा ठोकून कळते. टायरवर 80 पीएसआय छापलंय, सहाही टायरांत तेवढी भरा. एक खराब झाला तर एकच बदला. नक्षी शाबूत आहे तोवर टायर चालतो, आणि नट दुकानात एकदा आवळले की झालं.

जड कॅम्परसाठी ड्युअलीच घ्यावी, याबद्दल वाद नाही. आडव्या वाऱ्यात ती एकेरी चाकांच्या गाडीपेक्षा कमी डुलते. पण त्यापुढचा जवळजवळ प्रत्येक सल्ला गळ्याशी येणारा आहे.

सर्वांत घातक तो पहिलाच. रॅम 3500 सारख्या ड्युअलींवर नेहमी दिसणारा एलटी235/80आर17 हा टायर घ्या. त्याच्यावर 120/117 असे भारक्षमतेचे दोन सांकेतिक आकडे असतात. पहिला टायर एकटा असतानाचा, 1,400 किलो. दुसरा जोडीत असतानाचा, 1,285 किलो. जोडीत क्षमता कमी धरतात, कारण दोघं भार कधीच अगदी निम्मा-निम्मा उचलत नाहीत. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, एकात हवा जराशी कमी असते. आता कॅम्पर, पाणी, सामान आणि माणसं धरून मागच्या अ‍ॅक्सलवर 4,000 किलो आले असं समजा. प्रत्येक टायरच्या वाट्याला 1,000. उजवीकडचा एक बसला की त्याचा भार उरलेल्या तिघांत वाटला जात नाही, शेजारच्या एकट्याच्या डोक्यावर येतो. त्याच्यावर झाले 2,000, म्हणजे झेपतं त्यापेक्षा 600 किलो जास्त. शिवाय हवा गेलेला टायर पसरून शेजाऱ्याला घासतो, तापतो, कधी पेटतोही. टायर फुटला तरी गाडी सावरून कडेला घेता येते, हा जोडचाकांचा खरा फायदा. पण तो कडेपर्यंतच. तिथून घर गाठायचा हिशेब यात कुठेच बसत नाही.

ठोकून बघण्याची सवय आपण कुठून उचलली ते उघड आहे. खंबाटकीच्या पायथ्याशी ट्रक थांबला की क्लीनर टॉमीने टायर वाजवत फिरतो. त्यातून पार बसलेला टायर सापडतो, एवढंच. 80 ची हवा 62 वर आली तर आवाजात फरक कळणार नाही. टायर-धंद्यातला नियम असा, की ठरलेल्या हवेच्या 80 टक्क्यांहून कमी हवेवर धावलेला टायर हवा संपून धावला असं धरायचं, आणि रिमवरून उतरवून आतून तपासल्याशिवाय पुन्हा हवा भरायची नाही. ठोकणारा नेमका या रेषेच्या अलीकडे-पलीकडे आंधळा असतो. गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर, टायर थंड असताना, दोन तोंडांच्या लांब गेजने हवा मोजावी. बाहेरच्या चाकाच्या भोकातून आतल्या टायरच्या व्हॉल्व्हपर्यंत तो पोचतो. जाळीदार लवचीक नळ्या लावून व्हॉल्व्ह बाहेर आणण्याची टूम दिसते, पण त्या हलून हलून गळतात. धातूचे ताठ व्हॉल्व्ह बरे. हात आत गेलाच आहे तर दोन टायरांमध्ये दगड अडकलाय का तेही बघून घ्या.

‘नव्या गाडीत सेन्सर असतोच’ ही याच मुद्द्याची पुरवणी. अमेरिकेतल्या गाड्यांना हवेचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची करणाऱ्या नियमातून जोडचाकांच्या गाड्या चक्क वगळल्या आहेत. तुमच्या गाडीत ती असेलही, पण गृहीत धरू नका. नसेल तर बाहेरून व्हॉल्व्हवर बसणारे सेन्सर मिळतात.

80 पीएसआयच्या गोष्टीत अर्धं सत्य आहे. छापलेला आकडा म्हणजे टायरने पूर्ण क्षमतेचा भार उचलायला लागणारी हवा. दाराच्या खांबावरचं स्टिकर वाचा. काही रॅम 3500 वर ते पुढे 80 आणि मागे 65 सांगतं. हौदा रिकामा असताना मागे 80 भरलेली गाडी उसळते, नक्षी मध्येच झिजते, पावसात पकड कमी होते. भरलेल्या जड कॅम्परखाली मात्र 80 च्या जवळचाच आकडा बरोबर निघू शकतो. तो ठरवायला वजन हवं, आणि ते विक्रेत्याच्या पत्रकातलं नको. त्यात बहुधा पाणी धरलेलं नसतं, आणि 60 गॅलनची टाकी भरली की सव्वादोनशे किलो वाढतात. हायवेवरच्या ट्रक-स्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो. तो पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगवेगळं देतो. गाडी प्रवासाला निघते तशी पूर्ण भरून तिथे न्या, मग टायर कंपनीच्या तक्त्यात त्या भाराला किती हवा ते बघा.

एकच टायर बदलण्याची काटकसर मला समजते, टायर स्वस्त नाहीत. पण जोडी एकाच हबला आवळलेली असते, दोघांना बरोबरच फिरावं लागतं. नव्या-जुन्याच्या नक्षीत 3 मिलिमीटरचा फरक असला की व्यासात 6 चा पडतो, आणि या मापाच्या टायरांना जोडीत तेवढाच, पाव इंच, फरक चालतो. त्या फरकालाही दर फेरीला सुमारे 19 मिलिमीटरची तफावत येते, किलोमीटरमागे साडेसात मीटर. तेवढं अंतर कुठला तरी टायर रस्त्यावर फरपटतो. मोठा जास्त भार घेऊन तापतो, छोटा घासून झिजतो. त्यामुळे जोडी बदला, किंवा झिजलेल्याला तेवढ्याच झिजेचा जोडीदार शोधा.

नक्षीचा मुद्दा कॅम्परवाल्यांना तर मुळीच लागू नाही. त्यांची गाडी वर्षातले कित्येक महिने उन्हात उभी असते, त्यामुळे नक्षी संपण्याआधी रबर म्हातारं होतं. टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराला दाखवा. दहा वर्षांचा टायर कितीही देखणा असला तरी काढा.

नटांचं थोडक्यात. चाक काढून बसवलं की साधारण 100 मैलांनी टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर, पुन्हा आवळायचे. दोन रिमांचे पत्रे एकमेकांवर नीट बसले की आवळलेला नट सैल पडू शकतो, दुकानदाराने कितीही जोर लावलेला असो.