बुडालेल्या विमानाचा दुरुस्ती खर्च

समुद्राच्या तळाशी गेलेल्या विमानाची दुरुस्ती कशी करतात हे मला माहीत नाही. तिचा खर्च मात्र काल रात्री माझ्या खात्यातून वळता झाला. संगणकावर विमानं लढवायचा जो खेळ मी खेळतो, त्यातल्याच चांदीच्या नाण्यांत झाला, हे खरं. पण ती नाणी मी महिनोन्महिने, घर झोपल्यावर, डोळे चुरचुरेपर्यंत जमवली होती. तेव्हा ‘जाऊ दे, खोटेच पैसे ते’ असं कुणी मला म्हणू नये. घरात ते वाक्य म्हणून झालेलं आहे.

विमान हॉकर सी फ्युरी. ताज्या अपडेटमध्ये आलं आणि मी त्यावर तुटून पडलो. पिस्टन इंजिन आणि प्रोपेलर यांच्या जोरावर जितकं वेगात उडता येईल तितकं उडायचं, या हट्टाच्या अगदी शेवटी जी काही विमानं निघाली, त्यांतलं हे एक. नाकात ब्रिस्टल कंपनीचं सेंटॉरस इंजिन, अठरा सिलिंडर, अडीच हजारांच्या आसपास अश्वशक्ती. पुढे पाच पात्यांचा प्रोपेलर, पंखांत २० मिलिमीटरच्या चार तोफा. दिसायला तर असं, की मी हँगरच्या पडद्यावर ते नुसतं गोल फिरवून बघत बसायचो. एकच अडचण होती. ज्या दुसऱ्या महायुद्धासाठी ते आखलं, ते त्याची वाट बघत थांबलं नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये नमुना उडाला आणि ब्रिटिश नौदलाच्या तुकड्यांत ते दाखल झालं १९४७ साली. वरातीमागून घोडं. बरं, घोडं एकटंही नव्हतं. अमेरिकेचं बेअरकॅट, ब्रिटनचंच हॉर्नेट, सोव्हिएत संघाचं लावोच्किन ला-११, सगळी आपापल्या वर्गात पहिली येणारी पोरं, आणि निकाल लागला तेव्हा शाळेनेच तो वर्ग बंद केलेला. कारण जेट आलं होतं.

आता अशा विमानाला खेळात कुणासमोर उभं करायचं? खेळ चालवणाऱ्यांनी उत्तर काढलं: जेटसमोर.

हे मी निमूट सोसलंही असतं. पण काल माझ्या मागच्या खुर्चीत अण्णा होते. अण्णा म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर लेखापरीक्षण केलं आणि निवृत्तीनंतर ते थांबवायला कुणी सांगितलं नाही. टीव्हीवरची त्यांची बातम्यांची वेळ संपली होती, झोप येत नव्हती, म्हणून ते ‘जरा बघतो तुम्ही काय करता ते’ म्हणून येऊन बसले. हातात वही नव्हती, एवढंच.

विमानवाहू जहाजाच्या डेकवर मी इंजिन चालू केलं. मर्लिन इंजिनाची विमानं जोर दिला की डावीकडे ओढतात, म्हणून पाय उजव्या रडरवर, म्हणजे शेपटीचं सुकाणू वळवणाऱ्या पायपट्टीवर, ठेवायचा. माझ्या पायांना तेवढंच येतं. सेंटॉरस उलट्या दिशेने फिरतं, त्यामुळे हे उजवीकडे ओढतं.

“जावईबापू, तो मनोरा कसला?”

“जहाजाचा. तिथून जहाज चालवतात.”

“तो उजव्या बाजूला आहे.”

“हो, असल्या जवळजवळ सगळ्या जहाजांवर तिकडेच असतो.”

“आणि हे विमान उजवीकडेच ओढतंय.”

“हो अण्णा.”

“आराखडा मंजूर करताना हे कुणाच्याच लक्षात आलं नाही?”

मी दात आवळून डावा रडर दाबत होतो. मनोरा पंखाला घासून गेला. अण्णांनी घसा साफ केला. त्या आवाजाचा अर्थ ‘मुद्दा पहिला’ असा असतो, हे मला लग्नानंतर लगेच कळलं होतं.

वर गेलो, सूर्य पाठीशी घेतला आणि दूरवर चांदीसारखे ठिपके दिसले. मिग-१५. अण्णांना ठिपके दिसले नाहीत, पण माझ्या तोंडून निघालेला शब्द ऐकू आला.

“कोण आहेत ते?”

“मिग. जेट आहेत.”

“तुमचं विमान कुठल्या सालचं?”

“सत्तेचाळीस.”

“त्यांचं?”

“एकोणपन्नास-पन्नास.”

“साल ठीक आहे. वेग?”

“माझा ताशी सातशे चाळीस. तोही विशिष्ट उंचीवर. त्यांचा हजाराच्या वर.”

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. ही शांतता वाईट. “हजार आणि सातशे चाळीस, यांना एका सामन्यात बसवायला आधार काय? कुठला नियम?”

आधार आहे, तीच तर रड आहे. ९ ऑगस्ट १९५२, कोरियाचं युद्ध. एचएमएस ओशन या जहाजावरून निघालेल्या चार सी फ्युरींवर मिग तुटून पडले आणि त्या झटापटीत सी फ्युरींनी एक मिग पाडलं. प्रोपेलरच्या विमानाने जेट लोळवलं! अशा गोष्टी इतिहासात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. लेफ्टनंट पीटर कार्मायकल यांच्या नावावर तो विजय लागला, आणि तेव्हापासून सी फ्युरीचं नाव निघालं की हा किस्सा निघतोच. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण काल पहिल्यांदा असं वाटलं, की महाराज, त्या दिवशी तुमचा नेम जरा चुकला असता तर माझ्यावर ही पाळी आली नसती.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. मागे मिग लागलेलं असताना, एका हाताने विमान वळवत.

“म्हणजे एकदा घडलं.”

“हो.”

“एका नोंदीवरून सर्वसाधारण नियम केला.”

“केला म्हणजे... तसं लिहिलेलं नाही कुठे, पण चर्चा निघाली की लोक तेच पुढे करतात.”

“ती नोंद तरी निर्विवाद आहे का?”

आता हे मी सांगायला नको होतं. पण अण्णांसमोर माणूस आपोआप खरं बोलतो. मी सांगितलं, की त्या दिवशी गोळ्या चौघांनीही झाडल्या होत्या, कार्मायकल गटाचे प्रमुख होते, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी, मिग मुळात ब्रायन एलिस या त्यांच्यासोबतच्या तरुण वैमानिकाने पाडलं असावं, असंही मत मांडलं गेलं. अधिकृत नोंद अजून कार्मायकल यांचीच आहे.

अण्णांचा चेहरा उजळला. पेन्शन वाढली तेव्हाही इतका उजळला नव्हता.

“नोंद एकाच्या नावावर, काम चौघांचं, लाभार्थी वेगळाच! अहो, यावर तुमचा नियम उभा आहे? आणि एक सांगा, ते चौघे होते. तुम्ही किती आहात?”

“मी एक.”

“बाकीचे तीन कुठायत?”

बाकीचे तीन म्हणजे माझ्या गटातले लोक. एक पाण्यात, एक परत डेकवर तेल भरून घेत, आणि तिसरा पडद्याच्या कोपऱ्यात लिहीत होता. त्याने लिहिलेलं अण्णांनी चष्मा वर सरकवून मोठ्याने वाचलं: ‘हा पंखेवाला आपल्या बाजूला का दिलाय?’

“पंखेवाला म्हणजे कोण?”

“मी.”

“हे आपल्याच बाजूचे लोक ना?”

“हो अण्णा.”

“बरं,” अण्णा म्हणाले, आणि त्या ‘बरं’मध्ये माझ्या एकूण सामाजिक स्थानाचा आढावा होता.

मिगशी लढायचा एकच मार्ग असतो. त्याला वळणांच्या झुंजीत ओढायचं. घट्ट वळण घेण्यात सी फ्युरी सरस, आणि वळता वळता मिगचा वेग उतरला की तो सापडतो. पण मिगवाला शहाणा असेल तर तो वळतच नाही. वरून येतो, एक झडप घालतो, पुन्हा वर निघून जातो आणि तिथून मजा बघतो. खेळातले मिगवाले सगळे शहाणे असतात. मला गेल्या कित्येक रात्रींत एकही बिनडोक मिगवाला भेटलेला नाही, आणि हे प्रमाण मला संशयास्पद वाटतं.

“बरोबरीचा नसेल तर त्याच्याशी लढू नये,” अण्णांनी तोडगा काढला. “दुसरं काही काम नाही का या विमानाला?”

काम आहे, आणि नाव घेण्यासारखं आहे. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबाच्या किनाऱ्यावर पिग्जच्या उपसागरात घुसखोर उतरले, तेव्हा तिथल्या कॅस्ट्रो सरकारच्या छोट्याशा हवाई दलातल्या सी फ्युरींनी त्यांच्या रसदीच्या जहाजांवर हल्ले केले. दारूगोळा आणि इंधन भरलेलं रिओ एस्कोंदिदो हे जहाज रॉकेट लागून फुटलं. रसद बुडाल्यावर ती मोहीम फार टिकली नाही. म्हणजे युद्ध चुकलेलं हे विमान चौदा वर्षांनी एका भलत्याच देशासाठी इतिहासात आपलं नाव लावून गेलं. हे मी इतक्या जोशात सांगितलं की अण्णा म्हणाले, “मग चला, जहाजं बुडवू.”

‘बुडवू’! त्या एका अनेकवचनासाठी मी नाक खाली घातलं.

जहाज समोर होतं, रॉकेटं तयार होती, आणि मागून मिग आलं. मिगच्या नाकात दोन २३ मिलिमीटरच्या आणि एक ३७ मिलिमीटरची तोफ असते. त्या ३७ ची एक गोळी पुरते. माझा डावा पंख माझ्यापासून वेगळा होऊन स्वतंत्रपणे समुद्राकडे निघाला. पाठोपाठ मीही.

“हं,” अण्णा म्हणाले. “आता हिशेब दाखवा.”

हिशेबाचा पडदा आला. मिळकत किरकोळ. त्याखाली दारूगोळ्याचा खर्च, आणि त्याखाली दुरुस्ती, लाल अक्षरांत. मिळकतीपेक्षा कितीतरी मोठी.

“दुरुस्ती कशाची?”

“विमानाची.”

“ते बुडालं ना?”

“बुडालं.”

“बुडालेल्या वस्तूची दुरुस्ती होत नाही, जावईबापू. तिचं निर्लेखन होतं. जडवस्तू नोंदवहीतून नाव कमी करायचं, कारण लिहायचं, सही घ्यायची. आणि दुरुस्ती केलीच असेल, तर पाण्यातून वर काढल्याचा खर्च कुठे दाखवलाय? घसारा कुठे? कोटेशन किती मागवली?”

हसू आलं असेल तुम्हाला. मलाही क्षणभर आलं. पण मग मी त्या लाल आकड्याकडे बघत बसलो आणि हसू गेलं, कारण म्हातारा बरोबर बोलत होता. या खेळात हरण्याचा खर्च विमान जितकं महाग तितका जास्त. आणि विमान महाग कशामुळे, तर त्याचा बीआर, म्हणजे कुठल्या विमानाला कुणासमोर उतरवायचं ते ठरवणारा खेळातला आकडा, वर. बीआर वर का, तर ते उडवणाऱ्यांचे आकडे चांगले. आकडे चांगले का, तर असली आडवळणाची विमानं घेतातच मुळी वर्षानुवर्षं मुरलेले लोक. ते चार मिगं पाडतात, विमान आणखी एक पायरी वर चढतं, आणि मग नोकरी सांभाळून रात्री तासभर खेळणारा माणूस तिथे जाऊन पडतो. त्याच इंजिनाचं, त्याच तोफांचं, नुसता रंग वेगळा लावलेलं दुसरं फ्युरी खऱ्या पैशांत विकायला ठेवलंय, त्याचा बीआर मात्र एक पायरी खाली. दुरुस्तीही स्वस्त. रंगाने विमान हळू होतं असं त्यांचं म्हणणं असावं. यावर कुणी बोललं की जुने खेळाडू सांगतात, ‘खेळायला शिक’. अरे, शिकतोय की. शिकण्याची फी लाल अक्षरांत भरतोय.

असो. अण्णांनी झोपायचं रद्द केलं. तक्रार कुठे करतात ते विचारून घेतलं, माझ्याच खुर्चीत बसले आणि एका बोटाने पत्र टंकलं. ‘विषय: समुद्रार्पण झालेल्या विमानाच्या दुरुस्तीपोटी केलेल्या अनियमित वसुलीबाबत.’ खाली चार मुद्दे. मनोरा उजवीकडे असल्याचा मुद्दा मी कसाबसा काढायला लावला. कार्मायकल यांच्या नोंदीची फेरतपासणी करावी, हा काढू दिला नाही त्यांनी.

आज सकाळी उत्तर आलं. आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे वगैरे, आणि शेवटी, कृपया घटनेचं छायाचित्र जोडावं.

मी म्हटलं, झालं, संपलं, हे यंत्राने पाठवलेलं उत्तर आहे. अण्णा मात्र खुश. “पुरावा मागितलाय म्हणजे प्रकरण दाखल करून घेतलंय,” म्हणाले. त्यामुळे आज रात्री पुन्हा उडायचं आहे, आणि पुन्हा पडायचं आहे. अण्णा मोबाइल घेऊन मागे उभे राहणार आहेत. मला फक्त इतकंच बजावलंय, की पडताना विमान फार फिरवू नका, फोटो हलतो.