सेंद्रिय कापूस शेतात ठरतो, कापडावर दिसत नाही

शिवणाच्या आणि हस्तकलेच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरत असतो. शब्द दर वेळी थोडे बदलतात, सार तेच राहतं. सेंद्रिय सुती कापड पिवळसर असतं, त्यावर काळपट ठिपके असतात, दोरा जाळून पाहिला की खात्री पटते. ते आटत नाही, आणल्याबरोबर बेतायला घ्यावं. साध्या सुती कापडात फवारणीचं विष राहतं, तेव्हा बाळाचे कपडे त्याचे शिवू नयेत. सेंद्रिय कापड मुळातच मऊ, त्याचे रंग नैसर्गिक, आणि त्यात ९१ टक्के पाणी वाचतं. शेवटी धंद्याचा सल्ला: असं कापड आणा, झबली-टोपरी शिवा आणि ‘ऑरगॅनिक’ म्हणून विका.

मी शिवण शिकवते आणि सेंद्रिय कापसाच्या बाजूची आहे. म्हणूनच हा मजकूर मला सहन होत नाही. चांगल्या गोष्टीच्या नावावर चुकीची माहिती पसरली की पहिला फटका तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांनाच बसतो.

पिवळसर रंग आणि ठिपके

कापूस पिवळसर पांढराच असतो. शुभ्र रंग नंतर ब्लीचने येतो. ठिपके म्हणजे जिनिंगमध्ये सरकी वेगळी होताना रुईत राहून गेलेले टरफलाचे आणि वाळल्या पानाचे बारीक तुकडे. ब्लीच न केलेल्या कुठल्याही सुती कापडावर ते दिसतात. आपल्याकडचा मांजरपाट आठवा: पिवळसर, ठिपकेदार, हाताला खरखरीत. बाजारात मिळणारा मांजरपाट बहुधा साध्या कापसाचाच असतो. भारतात २००२ मध्ये बीटी, म्हणजे किडीला तोंड देण्यासाठी जनुक बदललेल्या कपाशीला परवानगी मिळाली आणि आज कपाशीखालचं ९० टक्क्यांहून जास्त क्षेत्र बीटीचं आहे. सेंद्रिय शेतीत जनुक बदललेलं बियाणं चालत नाही. म्हणजे दुकानातला ठिपकेदार तागा सेंद्रिय असण्याची शक्यता किती, ते यावरून ताडता येईल. उलट, प्रमाणित सेंद्रिय कापड शुभ्र पांढरं किंवा गडद निळंही असू शकतं.

कोरं, म्हणजे ब्लीच-रंग न केलेलं कापड सेंद्रियच असतं, हा या मजकुरातला सर्वात महागडा गैरसमज आहे. मांजरपाटाला ज्यूटची दोरी आणि तपकिरी कागदाचं लेबल लावलं की त्याची किंमत चढते आणि घेणारी समाधानाने घरी जाते. शेतकऱ्याला त्यातलं काहीच मिळत नाही.

दोरा जाळून पाहणं ही शिंप्यांची जुनी, कामाची परीक्षा आहे, पण ती वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते. सुती दोरा जळताना कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गुठळी होते. कापडात भेसळ आहे का, एवढं त्यातून समजतं. लाकडाच्या लगद्यापासून बनणारं व्हिस्कोसही सुतासारखंच जळतं, त्यामुळे तिथेही ही परीक्षा फसते. सेंद्रिय कापूस आणि साधा कापूस दोन्ही सेल्युलोजच, म्हणजे वनस्पतीच्या तंतूचा मूळ पदार्थ. दोन्हींची राख सारखीच. प्रयोगशाळेत रुईची किंवा कोऱ्या सुताची तपासणी करून जनुक बदललेल्या कापसाचा अंश शोधता येतो, त्यासाठी २०१९ पासून आंतरराष्ट्रीय पद्धतही ठरलेली आहे. पण कापड उकळून, ब्लीच करून, रंगवून झालं की डीएनए तुटून जातो आणि तिथेही भरवशाचं उत्तर मिळत नाही. मग घरच्या काडेपेटीने काय कळणार?

खात्रीसाठी राहतो तो कागद, म्हणजे प्रमाणपत्र. जीओटीएस (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड) या सेंद्रिय कापडाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या लेबलवर प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक असावा लागतो, आणि तो क्रमांक त्यांच्या खुल्या यादीत तपासता येतो. नुसतं ‘ऑरगॅनिक’ लिहिलेलं असेल तर किमान ९५ टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय हवा. ‘मेड विथ ऑरगॅनिक’ असेल तर किमान ७० टक्के. हे दोन शब्दप्रयोग दुकानात सर्रास एकच समजले जातात. कागदही डोळे मिटून मानायचा नाही. २०२० मध्ये जीओटीएसनेच जाहीर केलं की भारतात सुमारे २० हजार टन कापूस बनावट कागदपत्रांच्या आधारे सेंद्रिय म्हणून खपवला गेला, आणि ११ कंपन्यांवर त्यांनी बंदी घातली. तरी क्रमांक तपासणं हा रंग पाहण्यापेक्षा कितीतरी भक्कम मार्ग आहे. खादी आणि हातमाग यांचाही इथे घोळ होतो. खादी म्हणजे हाताने कातलेलं आणि हाताने विणलेलं. कापूस कसा पिकवला हे त्यात येत नाही.

‘आटत नाही, लगेच बेता’

हा सल्ला ऐकून अनेक जणींचे कपडे वाया गेले आहेत. सूत आटतं ते कापूस कसा पिकला यामुळे नाही. मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात. विणून झाल्यावर तो ताण कापडात अडकून राहतो आणि पहिल्यांदा पाणी लागलं की सुटतो. उभा धागा म्हणूनच आडव्यापेक्षा सहसा जास्त आटतो. गिरणीत सॅन्फोराइझ करून कापड आधीच आटवून घेतलं असेल तर पुढे फारसा फरक पडत नाही. ही यांत्रिक क्रिया आहे, सेंद्रिय कापडावरही करता येते, पण लहान प्रमाणात विणलेल्या कोऱ्या कापडावर ती बहुतेक वेळा झालेली नसते. म्हणजे ज्या कापडाबद्दल ‘आटत नाही’ म्हणतात, तेच जास्त आटण्याची शक्यता.

कापड पाच टक्के आटतं म्हटलं तर आकडा कानाला छोटा वाटतो. ४० इंच उंचीच्या कुर्त्यात तो दोन इंच होतो. झबल्याच्या गळ्यात थोडा फरक पडला तरी ते बाळाच्या डोक्यातून जात नाही. होजिअरीचं, म्हणजे बनियनसारखं ताणणारं कापड याहूनही जास्त आटू शकतं.

तेव्हा कापड आणलं की पाण्यातून काढा. आधी कापलेल्या कडांना झिगझॅग किंवा ओव्हरलॉक मारा, नाहीतर धागे सुटून गुंता होतो. कोरं कापड रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा. विणताना उभ्या धाग्याला लावलेली खळ त्यात मऊ पडते. सकाळी साबणाच्या गरम पाण्यात धुवा, पिळून मुरगळू नका, सावलीत वाळवा आणि किंचित ओलं असतानाच इस्त्री करा. इस्त्री उभ्या धाग्याच्या दिशेने फिरवा. उरेब, म्हणजे तिरकी ओढली तर कापड तिरकं होतं आणि मग बेतताना कितीही जपलं तरी बाही पिळते. होजिअरीचं कापड दोनदा धुवा. आत घालायचं अस्तर, कॉलरचं बकरम, पायपिंगची पट्टी, सगळं आधी भिजवायचं. कापड आटलेलं आणि अस्तर न आटलेलं असेल तर पहिल्या धुण्यात कपडा फुगे आल्यासारखा दिसतो. दुकानात माप सांगताना उंचीबरोबर पन्हाही थोडा आटणार हे धरा, आणि वाढत्या मुलांच्या कपड्यात एरवीपेक्षा जास्त माया (शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड) ठेवा.

एक गोष्ट या मजकुरात कधीच सांगितली जात नाही, आणि लंगोट किंवा पुसायचे रुमाल शिवणाऱ्यांना तीच सर्वात जास्त लागते. कापसाच्या तंतूवर निसर्गतः मेणाचा पातळ थर असतो. कोऱ्या कापडावर तो तसाच राहतो, म्हणून त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो मोत्यासारखा उभा राहतो. अशा कापडाचा लंगोट ओलावा शोषत नाही, बाळ ओलंच राहतं. धुण्याचा सोडा घालून कापड चांगलं उकळा, खळखळून धुवा, आणि थेंब टाकल्याबरोबर आत मुरेपर्यंत हे पुन्हा करा. त्यानंतरच बेतायला घ्या.

‘साध्या सुती कापडात विष’

इथे भीती दाखवली आहे आणि ती चुकीच्या ठिकाणी दाखवली आहे. बोंड उमलण्याआधी रुई आत बंद असते, आणि बरीचशी फवारणी त्याच काळात होते. पुढे कापड रंगवण्यापूर्वी कॉस्टिक सोड्यात उकळतात, पेरॉक्साइडने ब्लीच करतात, वारंवार धुतात. फवारणीचा अंश उरलाच असेल तर त्यातला बहुतांश इथे निघून जातो. बीटीचं प्रथिन कापडातून अंगाला लागतं असंही पसरवतात. प्रक्रिया झालेलं सुती कापड जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असतं, त्यात प्रथिन जवळजवळ उरतच नाही. जो साधा मांजरपाट ‘शुद्ध’ म्हणून बाळासाठी घेतला जातो, त्याची मात्र ही धुलाईच झालेली नसते आणि अंगावर गिरणीची खळही असते.

बाळाच्या कातडीला त्रास होतो तो मुख्यतः नंतर लावलेल्या रसायनांचा: सुरकुत्या पडू नयेत म्हणून दिलेल्या फिनिशमधलं फॉर्मल्डिहाइड, काही रंग, धुताना कापडात राहून गेलेला साबण. प्रमाणित सेंद्रिय कापडाचा इथे खरा फायदा आहे, तो मान्य करायलाच हवा. जीओटीएसमध्ये फॉर्मल्डिहाइड, क्लोरीन ब्लीच आणि घातक रंगांना मनाई आहे. पण तो फायदा प्रक्रियेच्या नियमांचा आहे. तयार कापडात घातक अंश आहेत का हेच तपासणारं ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० हे वेगळं प्रमाणपत्र आहे, तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी त्याचा सर्वात कडक वर्ग आहे, आणि ते साध्या कापसाच्या कापडालाही मिळतं. दोन्ही परवडत नसतील तर आजीच्या जुन्या नऊवारीचं दुपटं आणि झबलं शिवा. वर्षानुवर्षं धुतलेल्या त्या सुतात खळ राहिलेली नसते, जादा रंग राहिलेला नसतो, आणि आटायचं ते आटून गेलेलं असतं. जी आई साध्या सुती कापडाचे कपडे धुऊन बाळाला घालते, तिने स्वतःला अपराधी समजायचं काहीही कारण नाही.

विष खरं आहे. ते कापडात नसून शेतात आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. डोक्यावरून वाढलेल्या पिकात, पाठीवर पंप घेऊन, अंगावर पुरेसं संरक्षण नसताना ही माणसं उभी होती. सेंद्रिय कापूस विकत घेण्याचं याहून मोठं कारण मला माहीत नाही. आणि या मजकुरात त्यांचा एका ओळीतही उल्लेख नसतो. सगळी काळजी घेणाऱ्याच्या कातडीची. पिकवणाऱ्याचं शरीर कुठेच नाही.

मध्य प्रदेशात खरगोन जिल्ह्यात २००७ पासून सेंद्रिय, रासायनिक आणि बीटी शेतीची शेजारी-शेजारी तुलना चालू आहे. सेंद्रिय कपाशीचं उत्पादन कमी आलं, खर्चही बराच कमी झाला. पहिल्या दोन वर्षांत नफ्यात सेंद्रिय मागे होतं, पुढच्या दोन वर्षांत ते बरोबरीला आलं. ही सुरुवातीची वर्षं काढायची असतील तर शेतकऱ्याला चांगला भाव मिळायला हवा, आणि तो खऱ्या सेंद्रिय कापडाच्या खरेदीतूनच येतो. म्हणून खोट्या ‘ऑरगॅनिक’ मांजरपाटाचा मला राग येतो.

मऊपणा, रंग, पाणी

मऊपणा तंतूची लांबी, सुताचा नंबर (जितका मोठा तितकं सूत बारीक), पीळ, वीण आणि फिनिश यांवर ठरतो. २० नंबरच्या सुताचं सेंद्रिय कॅनव्हास पिशवीसाठी उत्तम, पण बाळाच्या अंगाला टोचेल. ६० नंबरच्या साध्या सुताची मलमल रेशमासारखी पडेल. सुईही तशीच निवडा: मलमलीला ११ नंबर, मध्यम कापडाला १४, जाड कॅनव्हासला १६, होजिअरीला बॉलपॉइंट. सेंद्रिय कापडासाठी वेगळी सुई लागत नाही.

सेंद्रिय कापड कृत्रिम रंगांनीही रंगवता येतं, नियमात बसणाऱ्या. नैसर्गिक रंग हा वेगळा विषय आहे. रंग पक्का करणाऱ्या हिरडा आणि तुरटीवर बांधलेले रंग साध्या सुतावरही तितकेच बसतात.

९१ टक्क्यांचा आकडा २०१४ च्या एका अभ्यासातून आला. त्यात पाहिलेला सेंद्रिय कापूस मुख्यतः पावसावरचा होता, ओलिताचं पाणी त्याला कमी लागलं. विदर्भातली बहुतेक कपाशी, सेंद्रिय असो वा रासायनिक, कोरडवाहूच आहे. तिथे हा आकडा लावण्यात अर्थ नाही.

‘लेबल लावून विका’

बचत गटातल्या बायकांना हा सल्ला अडचणीत आणणारा आहे. जीओटीएसचं नाव किंवा चिन्ह तयार कपड्यावर लावायचं तर जिनिंगपासून शेवटच्या शिलाईपर्यंत प्रत्येक टप्पा प्रमाणित हवा. प्रमाणित तागा आणून घरी शिवला की ती साखळी तिथेच तुटते. शिवाय आपण वापरतो तो दोरा बहुधा पॉलिएस्टरचा, इलॅस्टिक आणि लेस बाजारातली. तेव्हा असं लेबल छापून घेऊ नका. गिऱ्हाइकाला कापड कोणाकडून आणलं ते सांगा, बिल दाखवा, दोरा कसला आहे तेही सांगा. झबलं धुऊन आटवलेल्या कापडाचं असेल तर तेवढंच चिठ्ठीवर लिहून पाठवा: ‘कापड आधी धुतलेले, मापात फरक पडणार नाही.’