‘गरिबी कधी हटत नसते’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आपल्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. गल्लीच्या मंडळाच्या ग्रुपवर, भजनी मंडळाच्या ग्रुपवर, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर, सगळीकडे तोच. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: गरिबी हटवायच्या नावाखाली जगभर पन्नास वर्षं पैसा उधळला, पण गरीब होता तिथंच आहे. परदेशातून आलेला पैसा मधल्यामधे खाल्ला जातो. फुकट देऊन माणसं आळशी झाली, द्यायचंच तर कर्ज द्या. गरिबांना पोरंच फार. संयुक्त राष्ट्रांची ती ‘शाश्वत विकास उद्दिष्टं’ म्हणजे श्रीमंत देशांचा डाव. आणि शेवटी, आपल्या सीमाभागाला यातून काय मिळालं?

हा मेसेज पुढे ढकलणारी माणसं वाईट नाहीत. त्यातली बरीच माझ्या ओळखीची आहेत आणि त्यांचा राग कुठून येतो हेही मला कळतं. पण मेसेजमधलं बरंचसं चूक आहे, आणि त्या चुकीचा भुर्दंड शेवटी गरिबालाच बसतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘गरीब होता तिथंच आहे.’

नाही. जागतिक बँक आज अतिगरिबीची रेषा माणशी दिवसाला ३ डॉलर धरते, तीही प्रत्येक देशातल्या स्वस्ताई-महागाईचा हिशेब करून. या रेषेखाली १९९० साली जगात सुमारे २३० कोटी माणसं होती. आज ती सुमारे ८० कोटी आहेत, आणि मधल्या काळात जगाची लोकसंख्या जवळपास तीनशे कोटींनी वाढली आहे. यात चीनचा वाटा सगळ्यांत मोठा, हे कबूलच. पण भारतातही २०११-१२ साली शंभरातली २७ माणसं या रेषेखाली होती, २०२२-२३ साली ५ च्या आसपास.

यावर ‘आकडे सरकारी, म्हणजे खोटे’ असं म्हणून विषय मिटवतात. जुन्या आणि नव्या पाहणीची पद्धत एकसारखी नाही, त्यामुळे घट नेमकी किती यावर अर्थतज्ज्ञ भांडतात, आणि त्यांनी भांडलंच पाहिजे. मग दुसरी मोजणी बघा, जिच्यात उत्पन्न विचारतच नाहीत. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात घरात मूल कुपोषित आहे का, पोर शाळेत जातं का, चूल कशावर पेटते, संडास, पाणी, वीज, पक्कं घर, बँकेत खातं आहे का, अशा १२ गोष्टी तपासतात. त्या हिशेबाने देशात २०१५-१६ मध्ये २४.८५ टक्के लोक गरीब होते, २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्के. कर्नाटकात १२.७७ वरून ७.५८. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या गावांत ज्या बाईने अर्धं आयुष्य डोक्यावरून लाकडाचा भारा वाहिला, तिच्या घरी आज शेगडी असेल तर तो फरक या आकड्यात मोजला गेला आहे.

रेषा ओलांडली म्हणजे घर सुखवस्तू झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. ही रेषा फार खालची आहे. तिच्या जरा वर उभं असलेलं घर एका ऑपरेशनच्या खर्चाने परत खाली येतं.

‘परदेशी पैसा मधल्यामधे खातात.’

मुळात आपल्याकडची गरिबी परदेशी दानावर कमी झालेली नाही. जागतिक बँकेची जी शाखा सर्वांत गरीब देशांना अगदी सवलतीत पैसा देते, तिच्या यादीतून भारत २०१४ सालीच बाहेर पडला. कर्नाटकाच्या पाच ग्यारंटी योजनांचा (गृहलक्ष्मी म्हणजे घरच्या कर्त्या बाईला महिना दोन हजार, बायकांना मोफत बस वगैरे) वर्षाचा खर्च सुमारे ५२ हजार कोटी रुपये आहे, तो आपल्याच करातून होतो. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाचा ०.७ टक्के भाग मदतीसाठी द्यावा हे १९७० साली ठरलं. २०२३ साली त्यांची सरासरी ०.३७ टक्के होती. जगाने पैसा उधळला म्हणणाऱ्यांनी आधी किती दिला ते बघावं.

आणि परदेशी पैसा आला तेव्हा काय झालं, याचं उदाहरण बेळगाव शहरातच आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून (दान नव्हे, कर्ज) २००४ साली मंजूर झालेल्या योजनेत बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गीच्या मोजक्या प्रभागांत चोवीस तास पाणी द्यायचं ठरलं, आणि त्या प्रभागांत ते आलं. हुबळी-धारवाडात संशोधकांनी चोवीस तास पाण्याचे आणि काही दिवसांआड पाण्याचे प्रभाग शेजारी ठेवून तपासले. साध्या जुलाबात एकूण फारसा फरक दिसला नाही, पण चोवीस तास पाण्याच्या प्रभागांत टायफॉइड कमी आढळला, आणि तिथल्या गरीब घरांतल्या मुलांत रक्ताची आवही कमी आढळली. बाकीच्या प्रभागांना मात्र वर्षानुवर्षं नुसती वाट बघावी लागली. त्याचा राग मलाही आहे. पण तो काम अर्धवट ठेवल्याचा राग आहे. पाईपलाईन घातलीच कशाला, असा नाही.

‘फुकट देऊन माणसं आळशी झाली, पैसा दारूत जातो.’

मेसेजमधलं हे वाक्य सर्वांत जास्त टाळ्या घेतं आणि सर्वांत जास्त तपासलं गेलं आहे. ज्यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्या अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या सात सरकारी योजनांचे प्रयोग एकत्र तपासले. गरिबाच्या हातात रोख पैसा दिल्यावर तो काम कमी करतो, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो का, हे बघणारे १९ अभ्यास दुसऱ्या दोन संशोधकांनी चाळले. खर्च वाढत नाही, असंच तिथं दिसलं.

आता आपल्या शिवारात या. ‘भांगलणीला बायका मिळेनात, गृहलक्ष्मीचे दोन हजार आले नि सगळ्या घरी बसल्या,’ हे दर पावसाळ्यात ऐकू येतं. शेतकऱ्याची अडचण खरी आहे, मजुरीचा खर्च त्याच्या भातातून निघत नाही हेही खरं. पण महिन्याला दोन हजार रुपयांत कुठलं घर बसून चालतं? जून २०२३ पासून कर्नाटकात बाईला साध्या सरकारी बसचं तिकीट पडत नाही. जांबोटीकडची बाई जर त्या बसने बेळगावात येऊन चार घरची कामं धरत असेल, किंवा कुठल्या कारखान्यात जात असेल, तर ती घरी बसलेली नाही. जिथं मजुरी बरी मिळते तिथं ती गेली आहे. आजवर तिच्याकडे नाही म्हणायची सोय नव्हती, आता थोडी आली. (त्याच बसमध्ये चंदगडची तिची मावशी पूर्ण तिकीट काढते, कारण तिचं आधार कार्ड महाराष्ट्राचं. तिकडे एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ते राज्याच्या हद्दीपुरतं. नातीगोती हद्दीच्या दोन्ही बाजूंना असलेल्या आपल्या बायकांना हे रोज सोसावं लागतं आणि कुठल्याच सरकारला ते दिसत नाही.)

कामाच्या बदल्यात हक्काची मजुरी ही कल्पना तर आपल्याच मातीतली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामं निघाली, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला, १९७७ साली कायदा झाला, आणि २००५ साली तीच कल्पना देशाच्या कायद्यात आली. खडी फोडणाऱ्या, बंधारे बांधणाऱ्या त्या माणसांना कुणी आळशी म्हणू नये.

‘फुकट नको, कर्ज द्या.’

ऐकायला हे स्वाभिमानाचं वाटतं. बांगलादेशच्या ग्रामीण बँकेला आणि मुहम्मद युनूस यांना २००६ साली शांततेचं नोबेल मिळालं, तेव्हापासून छोटं कर्ज म्हणजे गरिबीवरचं औषध असं जगाने धरून चाललं. २०१५ साली सहा देशांतल्या सहा प्रयोगांचे निकाल एकत्र आले. थोडा फायदा, काहींचा धंदा जरा वाढला, पण गरिबी हटवण्याइतका बदल कुठेच नाही.

आपल्याकडे याची दुसरी बाजू घरोघरी ठाऊक आहे. एका संघाचा (बायकांच्या कर्जगटाचा) हप्ता भरायला दुसऱ्या संघातून उचल, दुसऱ्याचा भरायला तिसऱ्या कंपनीची, आणि मंगळवारी सकाळी दारात उभा राहिलेला वसुलीचा माणूस. गटातल्या बाकीच्या नऊ बायकांनाही तो तिथंच बसवून ठेवतो, कारण एकीने हप्ता चुकवला तर सगळ्यांनी भरायचा. हा जाच इतका वाढला की फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला.

अगदी तळच्या घरांसाठी जे चाललं ते वेगळंच होतं. बांगलादेशच्या ‘ब्रॅक’ संस्थेने शोधलेल्या पद्धतीत कुटुंबाला आधी शेळ्या, गाय किंवा छोट्या धंद्याचं सामान देतात. सोबत काही महिने खर्चाला थोडा पैसा, शिकवणी, बचतीची सवय आणि दर आठवड्याला येऊन विचारपूस करणारा माणूस. भारत, पाकिस्तान, इथिओपिया, घाना, होंडुरास आणि पेरूत ही पद्धत दहा हजारांवर कुटुंबांत तपासली. मदत थांबून वर्ष झाल्यावरही त्यांचं खाणंपिणं आणि कमाई इतरांपेक्षा बरी होती. म्हणजे आधी दिलं, मग माणूस उभा राहिला. कर्ज त्यानंतर.

‘गरिबांना पोरंच फार.’

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकात एका बाईमागे सरासरी मुलं १.७ आहेत. लोकसंख्या आहे तितकी राहायला २.१ लागतात. यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

‘शाश्वत विकास हा श्रीमंतांचा डाव.’

सप्टेंबर २०१५ मध्ये १९३ देशांनी १७ उद्दिष्टं मान्य केली, मुदत २०३०. ती मांडायची कल्पना वॉशिंग्टनमधून आली नव्हती, कोलंबिया आणि ग्वाटेमाला या देशांनी ती पुढे आणली. श्रीमंतांचा दोष वेगळा आहे, आणि तो मोठा आहे. हवामान बदलाला तोंड देण्यासाठी गरीब देशांना २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करून देऊ, असं त्यांनी २००९ साली कोपनहेगनमध्ये सांगितलं आणि तो आकडा २०२२ साली गाठला. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने आपली मदत संस्था यूएसएड बंदच केली. या उद्दिष्टांखालच्या छोट्या लक्ष्यांपैकी नीट मार्गावर फक्त १७ टक्के आहेत, हे संयुक्त राष्ट्रांच्याच २०२४ च्या अहवालात छापलं आहे. डाव असता तर तो हरल्याचं असं स्वतःच्या तोंडाने कुणी सांगितलं नसतं.

‘पर्यावरण ही पोटभरल्यांची चैन’ हे त्या मेसेजमधलं वाक्य तर आपल्या जिल्ह्यात कुणी बोलूच नये. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकाच वेळी फुगल्या आणि चिकोडी, अथणी, गोकाक, रामदुर्ग, निपाणीत पाणी शिरलं. पूर आला तेव्हा लोक जीव वाचवून बाहेर पडले. घरं गेली ती पाणी ओसरल्यावर. मातीच्या भिंती दिवसेंदिवस पाणी पिऊन फुगल्या होत्या, उन्हं पडली तशा त्या आतून सुटून बसल्या. स्लॅबचं घर धुऊन पुसून परत उभं राहिलं, मातीचं घर ढीग झालं. नदीकाठ, जंगल, पाऊस यांचा हिशेब चुकला की आधी कुणाचं घर पडतं, ते आपण डोळ्यांनी पाहिलं आहे.

‘आपल्या भागाला काय मिळालं?’

या प्रश्नाने मला सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण जगाला आपल्या भागाने काय दिलं हेच आपल्याला कुणी सांगितलेलं नाही.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे जगभर बाळंतिणींच्या मृत्यूचं मोठं कारण. त्यावरचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं आणि टोचायला शिकलेला हात लागतो. खेड्यात दोन्हीची वानवा. २००२ ते २००५ या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बाळंतिणींवर अभ्यास केला. निम्म्यांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. त्या देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, गावातल्या नर्सबाई होत्या. किती रक्त गेलं हे लुगडं किती भिजलं यावरून अदमासाने सांगायची रीत होती, तिच्या जागी बाळंतिणीच्या खाली पसरायचा एक प्लॅस्टिकचा कागद आला. त्याला निमुळती पिशवी, पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा. नर्सबाई रेघ वाचून आकडा लिहायची. जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. २००६ साली हा निकाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी मिसोप्रोस्टॉलला आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. आफ्रिकेतल्या ज्या खेड्यांत वीज नाही, तिथल्या बाळंतिणीला ती गोळी मिळते त्यामागे बेळगाव जिल्ह्यातल्या त्या बायका आहेत. कर्नाटकात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००४-०६ मध्ये २१३ होते, २०१८-२० मध्ये ६९. त्यात रस्ते, १०८ ची गाडी, आशाताई, दवाखान्यातली बाळंतपणं, सगळ्यांचा वाटा आहे. पण कमी झाले ते आपोआप नव्हे.

घटप्रभा गावात ‘मास’ ही संस्था १९९७ पासून आहे. ती माजी देवदासींची आहे, आणि त्याच ती चालवतात. तिथल्या सीतव्वा जोडट्टी यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. देवदासी प्रथेवर कायद्याने बंदी १९८२ ची, पण गावोगाव जाऊन मुली सोडायच्या बंद केल्या त्या या बायकांनी.

सीमाभागाला काय मिळालं नाही, तेही लिहितो. या १७ उद्दिष्टांच्या मुळाशी ‘कुणालाही मागे ठेवायचं नाही’ हे वचन आहे. आपल्या गावांत योजनेचा अर्ज कन्नडमध्ये, ग्रामपंचायतीचा फलक कन्नडमध्ये, नाकारल्याचं पत्रही कन्नडमध्ये. मराठीखेरीज काही न वाचता येणारी म्हातारी एजंटाला पाचशे रुपये देते, कारण कागदावर काय लिहिलंय ते सांगायला दुसरं कुणी नसतं. ती गरीब असण्यात आळसाचा संबंध नाही, पोरांच्या संख्येचा नाही, परदेशी डावाचाही नाही. कन्नडबरोबर मराठीतही अर्ज छापायला फार मोठा निधी लागत नाही, आणि येत्या ग्रामसभेत पंचायत विकास अधिकाऱ्यांसमोर (पीडीओ) ही मागणी लेखी देता येते.