घोंगडी असताना कोट कशाला? आटपाडीच्या दादांना उत्तर

दादा, नमस्कार.

हिवाळी कोटांवरच्या माझ्या लेखाखाली 'मेंढक्याचा पोरगा, आटपाडी' अशी सही करून तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सातारा-सांगलीत कोट घालण्याएवढी थंडी पडते कुठे, कोट ही साहेबाची देणगी, आपल्या बापजाद्यांनी घोंगडीवर जन्म काढला आणि एवढ्या मोठ्या लेखात घोंगडीच्या वाट्याला एक ओळ, असं तुमचं म्हणणं. शिवाय ट्रेंचकोट, म्हणजे तो लांब पावसाळी कोट, पहिल्या महायुद्धाच्या खंदकात जन्मला हे मी लिहिलं, ते साफ चूक.

चुकीपासून सुरुवात करते. तुमचं बरोबर आहे. गॅबर्डिन हे घट्ट विणीचं, पाणी न झिरपणारं कापड थॉमस बर्बरी यांनी १८७९ साली काढलं आणि १८८८ साली त्याचं पेटंट घेतलं. असले पावसाळी कोट ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या अंगावर महायुद्धाच्या आधीपासून होते. म्हणजे बारसं खंदकात झालं, जन्म आधीचा. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण या कोटाची जी गोष्ट मी लिहायला हवी होती ती वेगळीच. ट्रेंचकोट अधिकाऱ्यानं पदरच्या पैशानं घ्यायचा. साध्या शिपायाला मिळायचा तो जाड लोकरीचा ग्रेटकोट, आणि तोसुद्धा वेळेवर मिळेलच असं नाही. १९१४ च्या शरद ऋतूत ब्रिटिश हिंदी फौजेच्या लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजन फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरल्या तेव्हा आपल्या जवानांच्या अंगावर सुती खाकी होती. गरम कपडे मागाहून आले. त्या ऑक्टोबरात फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेल गावात जे लढले त्यांत खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या, दोन कंपन्या होत्या, मराठी मुलखातली पोरं होती त्यांत. म्हणून 'साहेबाची देणगी' हे शब्द वाचून मला वाईट वाटलं. आपल्या माणसांनी तो कोट मिरवायला घेतला नव्हता.

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत होते. १९४४ चा हिवाळा त्यांनी अपेनाइन्सच्या डोंगरात काढला. परत येताना आणलेला कोट आमच्या माजघरात खुंटीला असायचा. मी लहानपणी त्यात शिरून लपायचे. खांद्यावर घेतला तर गुडघे वाकायचे एवढं वजन. बटणं पितळेची, कॉलर उभी केली की कानाच्या वर यायची, आणि पाठीला मध्यावर खालपासून फाट, चालताना पाय मोकळे पडावेत म्हणून. बाही लांब ठेवलेली, हात आत ओढून घेता यावा. त्या कोटातली एकेक गोष्ट कुणाला तरी थंडी वाजली म्हणून आलेली होती.

आणि बाह्यांचा कोट साहेबाच्या कितीतरी आधी या देशात आलेला आहे. मथुरेच्या संग्रहालयात कनिष्काचा बिनमुंडक्याचा पुतळा आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. अंगात घोट्याकडे रुंदावत गेलेला जाड लांब कोट, पायात बोजड बूट. घोड्यावर बसणारी, थंड मुलखातली माणसं होती ती. आपल्याकडच्या सूर्याच्या जुन्या मूर्ती पाहा, देव असून पायात बूट. वराहमिहिरानं बृहत्संहितेत सूर्याला उत्तरेकडचा वेश सांगितला आहे, त्याचीच ती खूण.

आता थंडी. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठतं, ते सोडून देऊ, तिथं पर्यटक जातात. मी कोरेगाव तालुक्यातली. आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. डिसेंबरात रात्रपाळी आली की माझा भाऊ बाराच्या पुढं उसाला दारं धरायला, म्हणजे सऱ्यांत पाणी सोडायला, जातो. पारा दहा अंशांपर्यंत उतरलेला, पाय चिखलात, एका हातात खोरं आणि दुसऱ्यात बॅटरी. दादा, तुम्ही मेंढक्याचे पोर आहात, तुम्हाला माहीत आहे घोंगडी कशी पांघरतात. खोळ करून डोक्यावर घेतली तर पाऊस मागं हटतो, वारा आत येत नाही. पण समोरून ती धरायला एक हात लागतो. मेंढरांमागं काठी टेकून चालणाऱ्याला तेवढा हात मोकळा असतो. दारं धरणाऱ्याला नसतो, ऊस तोडणाऱ्याला नसतो, पहाटे दुधाचे कॅन लावून गाडी मारणाऱ्याला तर नाहीच नाही. कोट म्हणजे तेवढंच. पांघरुणाला बाह्या फुटल्या आणि दोन्ही हात सुटले.

तुम्ही घोंगडीची कैफियत मांडली, तीच पकडून मला कोटाबद्दल सांगावंसं वाटतं. बेल्जियममध्ये डफेल नावाचं गाव आहे. तिथल्या जाड, भरड लोकरी कापडावरून डफल कोटाचं नाव पडलं. ब्रिटिश नौदलात तो खलाशांच्या अंगावर असायचा. डोक्यावर ऐसपैस टोपडं, आतली टोपी न काढता वरून ओढता येईल असं. बटणांच्या जागी लाकडी खुंट्या आणि दोरीचे फास, हातमोजे न काढता लावता याव्यात म्हणून. भरड लोकर, जाड वीण, वर खोळ. बाह्या सोडल्या तर आपल्या घोंगडीचीच चुलत बहीण. ऊब त्या दोघींतही एकाच गोष्टीची, धाग्यांच्या कुरळ्यात अडकून स्थिर राहिलेल्या हवेची. पिसांच्या फुगीर जाकिटातही तीच. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच यांनी बलूनच्या कापडात आयडर बदकाची पिसं भरून कोट शिवून नेला, तेव्हा सोबतचे आधी हसले आणि वर गेल्यावर हेवा करू लागले. पण पिसं भिजली की बसतात, ऊब गेली. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. उसाच्या पाण्यात लोकरच खरी, इथं मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे.

मग घोंगडी मागं का पडली? कोटानं ती मारली असं मला वाटत नाही. थंड देशांतले टाकून दिलेले लोकरी कपडे गठ्ठ्यांनी पानिपतला येत राहिले, तिथं फाडून, पिंजून, पुन्हा सूत काढून त्यांची स्वस्त ब्लँकेटं झाली. पुढं पॉलिस्टरची आली. घोंगड्या विणणाऱ्या सणगराच्या मागावर बसून काढलेली, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी त्या भावात कशी टिकणार? दख्खनी मेंढीची लोकर भरड, केस मिसळलेली, गिरणीला नको असलेली. मेंढरं कातरायची मजुरीसुद्धा लोकरीतून निघत नाही, हे तुम्ही लिहिलंत ते मी माण-खटावातही ऐकलं आहे. याबद्दल लेखात चार ओळी हव्या होत्या. नव्हत्या, ही माझी चूक ट्रेंचकोटापेक्षा मोठी.

फॅशनवर तुम्ही रागावलात, तिथं मात्र मी हटत नाही. पोरांना कोट अंगावर बरा दिसावा असं वाटणं गैर नाही. खांद्याची शिवण नेमकी खांद्याच्या टोकाला बसली की कोट रुबाबदार दिसतो, आणि तीच शिवण खाली उतरली की हात वर करताना अख्खा कोट वर चढून कमर उघडी पडते. गाडीवर बसणाऱ्यानं लांबी कुल्ल्यांखाली घ्यावी, मनगटाला घट्ट पट्टी बघावी. एवढं जमलं की दिसायलाही चांगलंच दिसतं.

एक गोष्ट तुम्हाला रुचणार नाही, तरी सांगते. गेल्या दिवाळीनंतर मी आबांची जुनी घोंगडी कापली. एका बाजूनं कसर लागली होती, तेवढा भाग गेलेलाच होता. आमच्या शिंप्यानं आधी नाही म्हटलं. कात्री लावली की कडेचे धागे सुटत जातात आणि मशीनच्या पायाखाली जाडी सरकत नाही. शेवटी त्यानं प्रत्येक कापलेली कड सुती पट्टीनं बांधून घेतली, बाह्यांची शिवण हातानं दाभणीनं घातली. मानेला टोचत होतं म्हणून आतून फ्लॅनेल लावलं. भाऊ रात्री तोच घालून जातो. पहाटे घरी येतो तेव्हा कोटावर दव मण्यांसारखं उभं असतं, झटकलं की खाली, आत कोरडं. आणि चुलीजवळ टांगला की आबांच्या अंथरुणाचा वास येतो.

मला दुसरा करायचा आहे, पण दुसरी घोंगडी कापायचं धाडस होत नाही. तुमच्या भागात आटपाडी, जतकडे अजून माग चालत असेल आणि कुणी जरा पातळ, कोटापुरतं कापड विणून देणार असेल, तर प्रतिक्रियेत गाव कळवा. जानेवारीत मी तिकडं येणार आहे.