‘पेशींची बॅटरी’ आणि पावडर: त्या मेसेजमधलं खरं किती?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘सतत थकवा म्हणजे पेशींची बॅटरी, मायटोकॉन्ड्रिया, उतरली. आमची पावडर घ्या, रोज थोडं जास्त चाला, महिन्यात ठणठणीत व्हाल.’

हा मेसेज ज्या आजाराकडे बोट दाखवतो, तो म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोम, महिनोन्महिने न हटणाऱ्या थकव्याचा आजार. पण सततचा थकवा म्हणजे हाच आजार, हे मुळातच चूक. रक्त कमी असणं, थायरॉइड, शुगर, बी-१२ची कमतरता, टीबी, यांनीही माणूस गळून जातो. आधी रक्त तपासा. या आजारासाठी अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये निकष दिले: सहा महिन्यांहून जास्त टिकलेला, कामं बंद पाडणारा थकवा, झोपूनही न येणारा ताजेपणा, श्रमांनंतर बळावणारा त्रास, शिवाय डोकं न चालणं किंवा उभं राहिल्यावर वाढणारा त्रास.

मायटोकॉन्ड्रियाची गोष्ट मात्र हवेतली नाही. ग्लुकोजपासून बनलेलं पायरुव्हेट एका एन्झाइममुळे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनामुळे, पुढच्या ऊर्जेच्या साखळीत जातं. तिथेच अडथळा असावा, असं नॉर्वेच्या संशोधकांना २०१६ मध्ये रुग्णांच्या रक्तातल्या अमिनो आम्लांवरून वाटलं. २०२३ मध्ये अमेरिकेत रुग्णांच्या स्नायूंत डब्ल्यूएएसएफ३ हे प्रथिन वाढलेलं सापडलं. ते मायटोकॉन्ड्रियाच्या कामात आडवं येतं. पण हे आजाराचं मूळ की परिणाम, ते ठरलेलं नाही. त्यावरून निदान करणारी मान्य तपासणीही नाही. मग पावडरवाल्याला तुमची ‘बॅटरी’ दिसली कुठून? हा आजार बरा करणारं मान्य औषधच आज नाही. पदरचे पैसे पावडरीत घालू नका.

‘रोज थोडं जास्त चाला’ हे सगळ्यात घातक. वडगावातल्या आमच्या ओळखीच्या एक मावशी बाजार करून हसत घरी आल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना केस विंचरायला हात वर नेता येईना, खोलीतला दिवाही सोसेना. घरचे म्हणाले, परवा तर चांगली होतीस! हा फटका असाच उशिरा, एक-दोन दिवसांनीही बसतो. म्हणूनच ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवण्याचा उपचार या रुग्णांना देऊ नये असं सांगितलं.

भात लावणीच्या दिवसांत घरात पडून असलेल्या सुनेला आळशी म्हणणं सोपं असतं. तिला भाजी बसून चिरू द्या, दमण्याआधीच काम थांबवू द्या. काय केलं आणि पुढचे दोन-तीन दिवस कसे गेले, हे वहीत लिहा. डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्या.