जुन्या हिंदी गाण्यांची मैफल कशी करावी?

हाताशी थोडा पैसा, बराच वेळ आणि एक लॅपटॉप असलेल्या प्रत्येक ठाणेकराने आयुष्यात एकदा तरी जुन्या हिंदी चित्रपटगीतांची मैफल आयोजित करावीच, असे माझे आता ठाम मत झाले आहे. गेल्या शनिवारी शहरातल्या एका नाट्यगृहात अशाच एका मैफलीला मी पाचशे रुपयांचे तिकीट काढून गेलो होतो. तिथे जी कार्यपद्धती पाहायला मिळाली, ती होतकरू आयोजकांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे नोंदवीत आहे.

कार्यक्रमाच्या नावात ‘सुनहरे’, ‘यादें’ आणि ‘सफर’ यांपैकी किमान दोन शब्द असावेत. प्रेक्षक मराठी, गायक मराठी आणि निवेदक नौपाड्यातला असला, तरी निवेदन हिंदीतच करावे. दिसेल त्या अक्षराखाली नुक्ता लावला की ते उर्दूच्या जवळ जाते.

वेळ साडेसहाची छापावी आणि पडदा सव्वासातला उघडावा. घोडबंदर रोडच्या वाहतूककोंडीचे नाव घेतले की कोणी जाब विचारत नाही.

वादक अजिबात बोलावू नयेत, कारण ते मानधन मागतात आणि तालीम करा म्हणतात. संगीतकार शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसोझा यांनी व्हायोलिनांच्या ताफ्याची स्वरलिपी लिहून काढली किंवा ‘रूप तेरा मस्ताना’मध्ये केरसी लॉर्ड यांनी ॲकॉर्डियन वाजवला, ही त्या काळाची उधळपट्टी होती, आपल्याकडे हे सारे ट्रॅकमध्ये, म्हणजे आधीच मुद्रित केलेल्या वाद्यसाथीत, तयार मिळते. गायकाने समोर टॅबलेट ठेवून बोटाने शब्द वर सरकवावेत. बोट जरा जोरात लागून दुसरा अंतरा निघून गेला, तर तिसरा गावा. ट्रॅक कोणासाठी थांबत नाही.

ट्रॅक थांबतो तो फक्त मान्यवरांसाठी. त्यांचे आगमन, शाल, श्रीफळ आणि मनोगत उरकले की गाणे मुखड्यापासून पुन्हा सुरू करावे.

आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे निवेदन. गाण्याविषयी सांगण्याजोगी माहिती एकच असते, ती म्हणजे पडद्यावर ओठ कोणी हलवले. त्यामुळे ‘गाईड’मधले गाणे हे ‘देवसाब का गाना’ असते. गीतकार शैलेंद्र आणि संगीतकार सचिनदेव बर्मन हे बहुधा त्या दिवशी चित्रीकरण पाहायला आलेले कोणी गृहस्थ असावेत. ‘परवरिश’मधले ‘आँसू भरी हैं’ जाहीर करताना ‘राजजी का दर्द’ म्हणावे आणि राज कपूर म्हणजे शंकर-जयकिशन हा हिशेब मनातल्या मनात जुळवून त्यांचे नाव ठोकून द्यावे. १९५८ सालच्या त्या चित्रपटाला दत्ताराम यांनी संगीत दिले होते. ते शंकर-जयकिशन यांचे सहायक होते हे खरे. पण सहायकालाही स्वतःची चाल सुचू शकते, हे निवेदकाला कोणी सांगावे?

आमच्या निवेदकाची कमाल यापुढे होती. ‘ये जिंदगी उसी की है’ हे त्याने ‘मुगल-ए-आजम’चे, नौशादसाहेबांचे आणि मधुबालेचे म्हणून जाहीर केले. हे गाणे १९५३ सालच्या ‘अनारकली’चे, गीतकार राजेंद्र कृष्ण, संगीतकार सी. रामचंद्र आणि पडद्यावर बीना राय. सलीम-अनारकलीचीच कहाणी सांगणारा ‘मुगल-ए-आजम’ त्यानंतर सात वर्षांनी आला. सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याला जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, आणि त्यांचे नाव ठाण्यातल्या मराठी रंगमंचावर, मराठी माणसाच्या तोंडून, मराठी प्रेक्षकांसमोर पुसले जावे! तिसऱ्या रांगेतल्या एका वयस्कर गृहस्थांनी उठून चूक दाखवली. त्यावर निवेदक म्हणाला, “काका, कहानी तो एकही है ना!” आणि सभागृहाने हसून टाळ्या वाजवल्या. टाळ्या! ते गृहस्थ खाली बसले. ‘पाकिजा’च्या वेळी मीनाकुमारीच्या आजारपणावर भरल्या गळ्याने पाच मिनिटे बोलणे झाले, पण तो चित्रपट १९७२ साली पडद्यावर आला, तेव्हा त्याचे संगीतकार गुलाम मोहम्मद यांना जाऊन जवळजवळ चार वर्षे झाली होती, आपल्या गाण्यांचे यश त्यांना पाहायलाच मिळाले नाही, यावर एक अक्षरही नाही.

१९४९ साली ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून चित्रपटातल्या पात्राचे, कामिनीचे नाव छापलेले होते. रेडिओवर गाणे ऐकणाऱ्यांनी चौकशी केली, तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव लोकांना कळले. हातात काहीच साधन नसलेल्या श्रोत्यांनी एक नाव खणून काढले आणि तुम्ही खिशात मोबाइल बाळगून चार नावे पुसून टाकता. विविध भारतीचा निवेदक गाण्याआधी चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार अशी सगळी नावे घेतो. त्याला किती वेळ लागतो, ते एकदा घड्याळ लावून बघा.

सूचना संपल्या. आता सरळच सांगतो. हा जुन्या काळाचा गौरव नाही, मेलेल्या माणसांच्या मालावर चालवलेले दुकान आहे. गळा सगळ्यांना सारखा नसतो, सूर हलला तर आम्ही समजून घेतो. पण नाव चुकणे हा गळ्याचा दोष नाही, तो निव्वळ आळस आणि मस्ती आहे. मान्यवरांच्या नावापुढची सगळी पदे कागदावर लिहून आणता ना? मग त्याच कागदाच्या मागच्या बाजूला गीतकार आणि संगीतकार लिहून आणा. आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनो, तुम्हालाही ठाऊक होते की ते गाणे ‘अनारकली’चे आहे. मध्यंतरात वडा खाताना तुमच्यातलेच चौघे तसे म्हणाले, मी मागेच उभा होतो. तेव्हा कुजबुजण्याऐवजी त्या गृहस्थांबरोबर उठून उभे राहायला काय झाले होते? आयोजकांनो, एवढे जमत नसेल तर सोसायटीच्या गच्चीवर गा. तिथे तिकीट नसते, त्यामुळे आमची तक्रारही असणार नाही.