पेटीचा तळ फोडू नका

‘पोर्तुगीज काळातल्या प्रत्येक तिजोरीत चोरकप्पा असतो. किल्लीची दोन भोकं म्हणजे दोन कप्पे. ठोकून पोकळ आवाज आला की फोडा. १९६१ साली पळताना फिरंग्यांनी सोनं तिथंच ठेवलं. सरकारला कळू देऊ नका, जप्त होईल.’ हा मेसेज सध्या गोव्यात ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. डिचोलीकडच्या एका घरात तळ पहारीने उचकटलेली शिसवी पेटी बघितली तेव्हा फार वाईट वाटलं. आत काहीच नव्हतं, आणि आता पेटीही राहिली नाही.

सोन्याचं आधी. डिचोली, सत्तरी, फोंडा, पेडणे हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला तोच अठराव्या शतकात, आणि त्यानंतरही इथली घरं आपल्याच लोकांची राहिली. माजघरातली पेटी भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, किंवा व्यापाऱ्याची. तिच्यात सोनं पुरून जायला फिरंगी आला कुठून? उलट गोंयकारांनी बांको नासियोनाल उल्त्रामारिनु या बँकेत गहाण टाकलेले दागिनेच मुक्तीआधी लिस्बनला नेले गेले. ते परत यायला १९९१ उजाडलं.

दोन भोकांचं म्हणाल तर ती खूण जर्मनीत, न्युरेंबर्ग-ऑग्सबर्गकडे घडवलेल्या लोखंडी पेट्यांची. समोरचं नक्षीदार भोक खोटं, चोराला चकवायला. खरं भोक झाकणाच्या मधोमध, सरकत्या पत्रीखाली. तिथे एकच किल्ली फिरवली की झाकणाच्या चारही कडांचे खटके एकदम सरकतात. झाकण उघडून आतली जाळीदार पत्री पाहिलीत तर सगळी यंत्रणा डोळ्यांसमोर दिसते. तळाला भोकं असतात ती पेटी जमिनीला जखडायला.

पोकळ आवाजावर विश्वास ठेवणं तर धोक्याचं. एकोणिसाव्या शतकातल्या आगरोधक तिजोऱ्यांना पत्र्याच्या दोन भिंती असतात आणि मधे तुरटी, लाकडाचा भुसा असलं काही भरलेलं असतं. आगीत तुरटीतलं पाणी वाफ होऊन सुटतं आणि आतले कागद वाचतात. काही तिजोऱ्यांत अ‍ॅस्बेस्टॉसही असतो. ड्रिल मारलंत तर ती धूळ थेट छातीत जाते.

चोरकप्पे नसतातच असं मी म्हणत नाही. असतात, पण थोड्या पेट्यांत, आणि ते न फोडता उघडतील असेच केलेले असतात. लाकडी पेटीच्या आत एका बाजूला झाकणाचा छोटा कप्पा असतो ना, त्याची पुढची फळी कधीकधी वर सरकते आणि खाली बोटभर उंचीचे खण निघतात. शोधायला टेप पुरे. पेटीची बाहेरून उंची घ्या, त्यातून झाकणाची आणि तळाच्या फळीची जाडी वजा करा, मग आतली खोली मोजा. दोन-तीन इंचांचा फरक आला तरच पुढे बघायचं, तेही जुन्या कामाच्या सुताराला बोलावून. निघालंच काही, तर बहुधा गहाणखत, जमिनीचे कागद, एखादी नथ. त्या कागदांना घरच्यांनी जपावं. आपल्या जमिनीचा इतिहास त्यांत असतो.

राहिली जप्ती. १८७८ चा निखात निधीचा कायदा जमिनीत किंवा जमिनीला जखडलेल्या वस्तूत दडवलेल्या, दहा रुपयांवरच्या ठेव्याला लागतो. तो सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं, लपवणं हाच गुन्हा. माजघरातल्या सुट्या पेटीत आजीची नथ मिळाली तर तो ठेवा त्यात बसत नाही. मात्र १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरच्या पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो, आणि खाजगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. ‘तळ फुटलाय, भंगाराच्या भावात द्या’ म्हणत कुणी दारात आला, तर आधी त्याचा परवाना मागा.